काम करणारा आणि काम करवून घेणारा

'मनुष्यबळ' हा शब्द आता आपल्या सर्वांच्या तोंडी रुळला आहे. कारखान्यात, कोळसा खाणीत, रुग्णालयात, शाळेच्या कार्यालयात तो सहजपणे वापरला जातो. जसे वाफेचे बळ, विजेचे बळ, तसेच माणसाचे बळ! बळ म्हटले की ते मोजायचे आणि कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त वापरायचे, हे ओघानेच आले. परंतु ज्याच्या अंगी हे बळ असते तो माणूस म्हणजे कोळसा अथवा बांबू नव्हे. त्याला मन असते, घर असते, भीती असते, स्वाभिमान असतो. म्हणूनच कामाच्या ठिकाणी माणूस असा का वागतो, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा जितका आहे, तितकाच तो नीतीचाही आहे, असे आम्हांला वाटते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाची अनेक रूपे दिसतात. एकीकडे खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना. दुसरीकडे तेंदूपत्ता, बांबू, मोहफुले आणि धानाची शेती. रानातून आलेला माणूस कारखान्याच्या अथवा रस्त्याच्या कामावर लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते : 'हे लोक सांगितल्यावाचून गैरहजर राहतात. यांना कामाची गोडी नाही.' तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. मार्च-एप्रिलमध्ये हजेरीपटावर खाडे खरोखरच वाढतात. परंतु त्याच दिवसांत मोह गळत असतो. भल्या पहाटे सारे कुटुंब टोपल्या घेऊन झाडाखाली असते. हा हंगाम काही आठवड्यांचाच. ते फूल कुणासाठी थांबत नाही, आणि वर्षभराच्या मीठमिरचीची सोय त्यावर अवलंबून असते. ज्याला आपण आळस म्हणतो तो माणूस तेव्हा आपल्या कामावर नसतो, एवढेच. कामावर मात्र तो असतोच. हजेरीपट खाडा दाखवतो, खाड्याचे कारण दाखवत नाही. ते विचारावे लागते.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो असे विचारण्यापासून नव्हे, तर मोजण्यापासून. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. कामाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा, विचार व्यवस्थापकाने करावा आणि हात कामगाराने चालवावेत, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. पुढे १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला की काम किती वाढते, हे पाहता पाहता अभ्यासकांच्या ध्यानात आले की, उजेडाने उलगडा होत नाही. आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, आपण एका गटाचे आहोत, या भावनेचाही कामावर परिणाम होत असावा. त्या निष्कर्षांवर नंतर बराच वाद झाला; तरीही एल्टन मेयो यांच्या लिखाणामुळे कामगाराच्या मनाची दखल घेतली जाऊ लागली. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. माणूस मुळातच कामचुकार आहे असे मानून त्याच्यावर पहारा ठेवला, तर तो पहाऱ्यापुरतेच काम करू लागतो आणि आपला समज खरा ठरल्याचे आपल्याला समाधान मिळते, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, माणसाची वागणूक ही पुष्कळदा त्याला मिळालेल्या वागणुकीचे उत्तर असते.

या विचाराची साक्ष चंद्रपूर जिल्ह्यात त्याआधीच उभी राहत होती. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ मध्ये आनंदवन सुरू केले. कुष्ठरोगी म्हणजे हात पसरून बसणारा, असे समाजाने ठरवून टाकले होते आणि समाजाने ठरवल्याप्रमाणे तो वागतही होता. आनंदवनात त्याच माणसांनी विहिरी खोदल्या, जमीन लागवडीखाली आणली, घरे बांधली. पुढे १९६० च्या दशकात तेथे महाविद्यालय उभे राहिले आणि गावातली धडधाकट मुले त्यांच्या भूमीवर शिकायला येऊ लागली. रोगाने झडलेली बोटे काही परत आली नव्हती. त्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी आणि त्यांच्याकडून ठेवलेली अपेक्षा तेवढी बदलली होती.

तेव्हा माणसाला समजून घ्यावे, त्याच्याशी आपुलकीने वागावे, म्हणजे तो चांगले काम करील, इतके म्हणून हा लेख येथे संपवता आला असता. परंतु खरा नैतिक प्रश्न येथूनच सुरू होतो. समजून घ्यायचे ते कशासाठी? शिकाऱ्यालाही सावजाचा स्वभाव उत्तम ठाऊक असतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोणाच्या घरातले धान्य संपत आले आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, हे उचल देणाऱ्या मुकादमाला बरोबर माहीत असते. तो गोड बोलतो, नेमक्या वेळी पैसे पुढे करतो आणि त्या उपकारात माणूस हंगामभर बांधला जातो. मुकादमाला माणूस कळत नाही, असे कोण म्हणेल? त्याच्या ज्ञानात उणीव नाही. त्या ज्ञानाचा हेतू तपासण्याजोगा आहे. आजच्या कार्यालयांतील वाढदिवसाचा केक, 'आपण एक कुटुंब' ही भाषा आणि हसतमुख विचारपूस यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यांतले काही मनापासूनचे असते, काही मात्र उत्पादनाला घातलेले वंगण असते.

मग खरे समजून घेणे ओळखावे कसे? आमच्या मते त्याची एक साधी खूण आहे. हाताखालच्या माणसाला 'नाही' म्हणता येते काय, आणि त्याच्या नकाराने वरचा निर्णय बदलू शकतो काय, हे पाहावे. 'होय साहेब' हा शब्द फसवा असतो. ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याच्या होकारावरून त्याच्या मनातले काहीच कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांमुळे ते सर्वत्र परिचित झाले. या गावाच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. एखाद्याचे मन मानत नसेल, तर त्याला मतदानात हरवून पुढे जायचे नाही. पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. पूर्वी या भागातील जंगलाचा बांबू सरकारी कराराने कागद कारखान्याला जात असे आणि गावकरी त्यात केवळ तोडणारे हात असत. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू तोडणारा आणि त्याविषयी ठरवणारा माणूस एकच झाला.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यातील पाचगावाला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. तेथील लोकांनी एकत्र बसून स्वतःसाठी नियम केले. तेंदूपत्त्याचे चांगले पैसे मिळत असतानाही त्यांनी तो तोडायचा नाही असे ठरवले. कारण कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि शेवटी त्या पानांची विडीच होते. त्यांनी बांबूवर भर दिला. 'या माणसांना चार पैशांखेरीज काही कळत नाही' असे म्हणणाऱ्यांनी या निर्णयाचा विचार करावा. नगावर मजुरी मिळवणाऱ्याचा हात भराभर चालतो. उद्याच्या जंगलाची काळजी वाहण्याचे त्याला प्रयोजनच उरत नाही. निर्णयाचा भार खांद्यावर आला की तोच माणूस वीस वर्षांपुढचे पाहू लागतो.

यावर कोणी म्हणेल की, छोट्या गावाचे हे ठीक आहे. हजारो कामगारांची खाण सर्वसहमतीने कशी चालेल? आक्षेप योग्य आहे. सुरुंग उडवण्याच्या वेळी चर्चा करत बसता येत नाही. तेथे हुकूम पाळलाच पाहिजे. तरीही, डोक्यावरचा दगड कुरकुरतो आहे हे प्रथम कोणाला कळते? कार्यालयात बसलेल्याला नव्हे, त्या छताखाली उभ्या असलेल्याला. 'येथे आज काम नको' हे त्याचे म्हणणे अवज्ञा म्हणून ऐकले जाते की माहिती म्हणून, यावर जीव अवलंबून असतात. हुकूम देण्याचा अधिकार आणि ऐकून घेण्याचे कर्तव्य ही एकमेकांची वैरी नाहीत.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. शेवटच्या मजुरांना मिळालेल्या पूर्ण मजुरीवर आपली चर्चा थांबते. परंतु मजुरी देण्यापूर्वी त्या मालकाने आणखी एक गोष्ट केली होती. दिवस कलताना चौकात उभ्या असलेल्या माणसांना त्याने आळशी ठरवले नाही. तुम्ही रिकामे का, हे त्यांनाच विचारले. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, हे उत्तर त्याने ऐकले आणि मानले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात जे तत्त्व मांडले तेही याच दिशेचे आहे : कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे.

आपल्यांपैकी बहुतेक जण एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभे असतात. सकाळी वरिष्ठांपुढे मान डोलावणारा गृहस्थ संध्याकाळी घरी भांडी घासणाऱ्या बाईचा वरिष्ठ असतो. आपल्या शाळांत शिपाई आहेत, रुग्णालयांत आया आहेत, चर्चच्या आवारात झाडलोट करणारे आहेत. त्यांच्याशी आपण प्रेमाने बोलतो, नाताळला त्यांना फराळ आणि कपडेही देतो. ते चांगलेच आहे. परंतु गेल्या वर्षभरात त्यांच्यापैकी कोणी आपल्याला 'हे मला जमणार नाही' असे मोकळेपणाने सांगितले आहे काय? आणि सांगितले असेल, तर आपले काय बदलले? प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक संस्थेने या प्रश्नाचे उत्तर स्वतःशीच शोधावे. ते देताना हजेरीपटाचा काहीच उपयोग होणार नाही.