गोंदणाऱ्याचा विवेक

आपल्या वाट्यास आलेले कर्म निष्ठेने करावे, ही गीतेची शिकवण बहुतेक गृहस्थांस मान्य असते. परंतु एकाच व्यवसायात नाना प्रकारची कामे पुढे येतात. त्यांतील कोणते स्वीकारावे व कोणते नाकारावे, हा प्रश्न वैद्य, वकील, व्यापारी या सर्वांस पडतो. गोंदणाऱ्यास तो अधिकच तीव्रतेने पडतो. कारण त्याने काढलेली रेषा सहजी पुसली जात नाही.

गोंदण ही या देशातील जुनी कला होय. छत्तीसगडातील रामनामी पंथाच्या लोकांस मंदिरांची द्वारे बंद होती, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी रामनाम आपल्या देहावरच गोंदवून घेतले. आज शहरांतून हेच काम विजेच्या यंत्राने चालते. सुई त्वचेच्या आतल्या थरात रंग पोहोचविते. वरचा थर झिजून नवा होतो, आतला रंग मात्र राहतो. लेसर किरणांनी तो फिका करता येतो, पण त्यास वेदना व द्रव्य पुष्कळ लागते, आणि तो निःशेष जाईलच असा भरवसा नसतो.

वीस वर्षे हे काम केलेल्या एखाद्या गोंदणाऱ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सैन्यात भरती होऊ इच्छिणारा तरुण मानेवर प्रेयसीचे नाव मागतो. एक मजूर उसन्या पैशांनी पाठभर चित्र काढवू पाहतो. एकास परजातीचा अपमान करणारे शब्द दंडावर हवे असतात. एकजण मृत पित्याचे हुबेहूब मुखचित्र मागतो, आणि ती शैली गोंदणाऱ्यास साधलेली नसते. चौघेही दाम देण्यास सिद्ध आहेत.

अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत: अनुबंध म्हणजे पुढील परिणाम, क्षय म्हणजे शक्तीची व धनाची हानी, हिंसा म्हणजे परपीडा, आणि पौरुष म्हणजे करणाऱ्याचे सामर्थ्य. यांची पर्वा न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. मानेवरील गोंदण तरुणास भरतीत अपात्र ठरवू शकते, हा अनुबंध. मजुराचे ऋण, हा क्षय. अपमानाचे शब्द, ही हिंसा. चौथ्यास विवेकी कारागीर सांगेल, "हे मला येत नाही, ज्यास येते त्याचा पत्ता देतो." शुद्ध न केलेल्या सुईने काविळीसारखे रोग रक्तातून पसरतात, म्हणून सुई बदलण्याचा आळस हीदेखील हिंसाच होय.

येथे दोन शंका संभवतात. मी नाकारले तर शेजारचा करील, मग आपलाच तोटा का करून घ्यावा? ही पहिली. तिचे समाधान सोपे आहे: शेजाऱ्याचे कर्म शेजाऱ्याचे, आपल्या हातून काय घडले, एवढ्याचाच हिशेब आपल्याकडे. दुसरी शंका सूक्ष्म आहे. गीता समत्व शिकविते. मग एकास होकार व दुसऱ्यास नकार, हा भेद कसा? महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीचा तुलाधार नावाचा वाणी जाजली या तपस्व्यास धर्म सांगतो. त्याचा तराजू सर्वांस सारखा होता; तरी तो मद्य विकत नसे. समत्व माणसांविषयी असते, मालाविषयी नव्हे. "भरती होऊन ये, मग पाहू," असे त्या तरुणास प्रेमाने सांगणे, हेही समत्वच आहे.

मात्र नकार म्हणजेच धर्म, असेही समजू नये. कीर्ती वाढली की कारागीर मोठीच चित्रे घेऊ लागतो. सायंकाळी एक वृद्धा येते. तिला दिवंगत मुलाचे नाव मनगटावर हवे आहे. काम लहान, दाम थोडे; त्वचा वयाने पातळ झालेली, म्हणून कष्ट मात्र अधिक. "असली किरकोळ कामे आम्ही घेत नाही," असे म्हणून त्याने तिला परत पाठविले, तर तो विवेक नव्हे. कष्टाच्या भयाने केलेल्या त्यागास गीता राजस म्हणते, आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही असेही सांगते. सकाळची कसोटी येथेही लावावी. परिणाम वाईट नाही, हानी नाही, कोणास पीडा नाही, सामर्थ्य पुरेसे आहे. मग अडते कोठे? केवळ अहंकारात.

तात्पर्य, स्वीकार हे जसे कर्म, तसा नकारही कर्मच. दोहोंस एकच तराजू लावला पाहिजे. आज जे नाकारले ते समोरच्याच्या हितासाठी, की आपल्या सोयीसाठी, हे प्रत्येक गृहस्थाने रात्री निजण्यापूर्वी स्वतःस विचारावे.