क्षणाचा पुत्र

गोंदियाच्या रेल्वे स्थानकावरील घड्याळ आणि गोंदियाचा सूर्य ह्यांचे कधीच तंतोतंत जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि गोंदिया त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारे सव्वादोन अंशांवर आहे. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा, वर्षाची सरासरी पाहता, येथील सूर्याला माथ्यावर येण्यास अजून नऊ मिनिटे असतात. नागपुरास हीच तफावत तेरा-चौदा मिनिटांची. १ जानेवारी १९०६ रोजी ही प्रमाणवेळ लागू झाली. त्यापूर्वी बहुतेक रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत आणि गावे आपापल्या सूर्यावर चालत. सर्वांनी मिळून एकच वेळ मानावी हा शहाणपणाचा करार खराच. पण तो करार आहे, ह्याचा आपणांस विसर पडला आहे. इतका की, त्याबाहेर जगणाऱ्या माणसास आपण सहज वेडा ठरवतो.

आम्हांला हा प्रश्न ग्रंथात नव्हे, घरातच भेटला. आमच्याकडे आमच्या वृद्ध मावशी राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते निवर्तून वीस वर्षे उलटली. गेल्या चार वर्षांत मावशींची स्मृती क्षीण होत गेली आहे. सकाळचे जेवण त्यांना दुपारी आठवत नाही, वार कळत नाही, नातवंडांची नावे एकमेकांत मिसळतात. मात्र सायंकाळी गाडीची शिटी ऐकू आली की त्या जेवणाचा डबा पुसून ओट्यावर ठेवतात आणि विचारतात, "गाडी आली का रे? आज ह्यांना उशीर झाला." प्रारंभी आम्ही खरे ते सांगत होतो. ते ऐकून त्या प्रत्येक वेळी नव्याने विधवा होत, रडत, तासाभराने रडण्याचे कारण विसरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीत. रोजच्या रोज हे सत्य त्यांच्या पदरात टाकणे कर्तव्य की क्रौर्य, ह्याचा उलगडा आम्हांस होईना.

सांत्वन दोन दिशांनी आले. शेजारचे एक मुस्लिम सद्गृहस्थ दरवर्षी उरुसासाठी नागपूरच्या ताजबागला जातात. ते म्हणाले, "तुमच्या मावशींना काल नाही, उद्या नाही. त्या मजजूब झाल्या आहेत, असेच समजा." महाविद्यालयात शिकणारा आमचा भाचा म्हणाला, "आइन्स्टाइनने काळ हा भ्रमच ठरवला आहे, मग आपण कशाला मावशीला दुरुस्त करायचं?" दोघांच्याही बोलण्यात माया होती आणि दोघांवरही विश्वास ठेवण्याचा मोह आम्हांस झाला. त्या मोहाची परीक्षा करावी, एवढेच ह्या लेखनाचे निमित्त.

मजजूब म्हणजे ईश्वराने ओढून घेतलेला, स्वतःचे भान उरले नाही असा साधक. विदर्भात हा शब्द उच्चारला की ताजुद्दीन बाबांचेच नाव समोर येते. १८६१ साली कामठीत जन्मलेला हा अनाथ मुलगा मामांच्या आश्रयाने वाढला, सैन्यात शिरला, सागरला असताना एका सूफी दर्ग्याच्या सान्निध्यात बदलून गेला आणि नोकरी सोडून कामठीस परतला. छावणीतील इंग्रज अंमलदारांना त्याचे वागणे असह्य झाले. १८९२ साली त्याची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि तेथे त्याने सोळा वर्षे काढली. ज्या वर्षी आइन्स्टाइनने सापेक्षतेचा पहिला सिद्धांत मांडला ते १९०५ आणि ज्या वर्षी देशाचे घड्याळ बदलले ते १९०६, ही दोन्ही वर्षे त्या भिंतींआड गेली. भिंतीबाहेर मात्र दर्शनासाठी हिंदू-मुसलमानांची रीघ लागू लागली होती. अखेर १९०८ साली राजे रघुजीराव भोसले ह्यांनी जामीन राहून त्यांना बाहेर काढले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेऊन ठेवले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले. ताजबाग ते त्यांच्या समाधीमुळेच.

त्यांच्या चमत्कारांविषयी येथे लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. आमचे लक्ष वेधले ते भोसल्यांनी. रुग्ण बरा झाला म्हणून त्यांनी त्याला नेले नाही. तो आपल्या घड्याळाप्रमाणे चालू लागेल अशीही अट घातली नाही. त्या माणसाच्या वेळेस आपल्या घरात जागा करून दिली, एवढेच.

बाबांच्या सहवासात काही वर्षे राहिलेले त्यांच्या नात्यातील एक तरुण पुढे कराचीस गेले आणि कलंदर बाबा औलिया ह्या नावाने प्रसिद्ध झाले. १९७९ साली ते वारले. 'लौह-ओ-कलम' ह्या त्यांच्या उर्दू ग्रंथात देश, काल व चेतना ह्यांची सूफी परिभाषेत सविस्तर मांडणी आहे आणि त्यांच्या परंपरेतील लेखक तिची सांगड आधुनिक विज्ञानाशी घालतात. ही सांगड आम्हांस आकर्षक वाटते, पण निर्दोष वाटत नाही. साधकाच्या अनुभवाला पदार्थविज्ञानाचे प्रमाणपत्र कशाला हवे? उद्या ते विज्ञान बदलले तर अनुभवही रद्द समजायचा का? कवी-तत्त्वज्ञ इक्बाल ह्यांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत आइन्स्टाइनचा आदर राखूनही एक शंका नोंदवली होती. काळ ही केवळ चौथी मिती मानली, तर भविष्यही भूतकाळाइतकेच ठरून गेलेले होते आणि निर्मितीला वावच उरत नाही.

भाच्यालाही आम्ही हेच सांगितले. सापेक्षतेने काळ नाहीसा केला नाही; सर्वांसाठी एकच असलेला 'आता' तेवढा नाहीसा केला. दिशा दाखवणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तो फरक नेमका हिशेबात धरावा लागतो. जो इतका काटेकोर मोजता येतो, त्याला भ्रम म्हणणे धाडसाचेच. आइन्स्टाइनने भूत-वर्तमान-भविष्य हा भेद आभासमात्र असल्याचे १९५५ साली एका पत्रात लिहिले, हे खरे. पण ते पत्र मिकेले बेसो ह्या जिवलग मित्राच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबीयांना लिहिलेले होते. शोकाकुल घरात बोललेले वाक्य प्रयोगशाळेतील निष्कर्षासारखे वापरू नये.

मेंदूचा अभ्यासही आम्ही जमेल तसा चाळला. २००६ साली मॉन्ट्रियलमध्ये पंधरा कार्मेलाइट भगिनींच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमांद्वारे तपासणी प्रसिद्ध झाली. ईश्वराशी ऐक्य मागणीनुसार अनुभवता येत नाही, म्हणून आयुष्यातील सर्वांत उत्कट क्षण त्यांनी स्मरावा, असे ठरले. मेंदूचे अनेक भाग उजळले. 'देवाचे स्थान' म्हणावे असे एकच ठिकाण काही सापडले नाही. म्हणजे यंत्राने जे पाहिले ते ऐक्याचे स्मरण. दुसरे उदाहरण हेन्री मोलेसन ह्या अमेरिकन गृहस्थांचे. अपस्मारावरील १९५३ सालच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली आणि २००८ साली मृत्यू येईपर्यंत ते अखंड वर्तमानात जगले. म्हणून ते संत झाले, असे कोणी म्हणत नाही. केवळ 'आता'मध्ये असणे ही सिद्धी असती, तर ती शस्त्रवैद्याच्या सुरीनेही मिळाली असती.

सूफी आचार्यांना हा भेद फार पूर्वीच ठाऊक होता. बगदादच्या जुनैदने उन्मादापेक्षा शुद्धीला वरचे स्थान दिले आणि लाहोरात विसावलेल्या हुजवीरीने अकराव्या शतकात त्याचीच बाजू घेतली. साधकाला ते 'इब्न-उल-वक्त' म्हणतात, म्हणजे क्षणाचा पुत्र. त्याचा अर्थ कालची जाण गमावलेला असा नव्हे. गेल्याचा खेद आणि येणाऱ्याची धास्ती बाजूस ठेवून हा क्षण जे मागतो ते करणारा, तो क्षणाचा पुत्र. पुत्र म्हटले की आज्ञापालन आलेच.

मग मावशी कोण? संत अगस्तीनने आपल्या आत्मकथनाच्या अकराव्या पर्वात काळाचा शोध मनातच घेतला. गेलेले स्मरणात, चालू असलेले अवधानात आणि येणारे प्रतीक्षेत, असे त्याचे म्हणणे. मावशींचे स्मरण विझत आले आहे, अवधान लुकलुकते, पण प्रतीक्षा शाबूत आहे. त्या कालातीत मुळीच नाहीत. त्यांची गाडी यायची आहे. त्यांना मजजूब म्हटले की आमची जबाबदारी संपते, आणि नेमके म्हणूनच ते आम्हांस पटत नाही. शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनच हे म्हणतो.

अडचण अशी की, काळाचे मर्म इतके जाणणारा हाच अगस्तीन असत्याच्या बाबतीत कमालीचा कठोर. दयेपोटी बोललेले खोटेही त्याने पापच मानले. "गाडी लेट आहे, येईल इतक्यात," हे उत्तर सोपे होते आणि काही दिवस आम्ही ते दिलेही. मावशी शांत होत. आम्ही होत नव्हतो. दुसऱ्याच्या वेळेत शिरणे वेगळे आणि त्याला तिथे एकटे सोडून बाहेरून हाक देणे वेगळे. आमचे उत्तर ह्या दुसऱ्या जातीचे होते.

हल्ली आम्ही उत्तर देत नाही. शिटी झाली की ओट्याशी त्यांच्याजवळ जाऊन बसतो. त्या विचारतात, "आली का रे?" आम्ही म्हणतो, "मावशी, आम्हीही वाट पाहतो आहोत." ज्यांना पुनरुत्थानाची आशा आहे, त्यांच्या तोंडी हे वाक्य खोटे ठरत नाही. निदान आम्ही तसे मानतो. ह्यात पळवाट असल्याचे कुणास वाटले, तर त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही.

परवा बसलो असता गाडी निघून गेली, फाटक उघडल्याचा आवाज आला. मावशींनी डबा उघडून आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तोवर तू खाऊन घे."