पत्रातली भुकेची ओळ

कोल्हापुरात उर्दू माध्यमाच्या वर्गात मी पत्रलेखन शिकवते. सांत्वनाच्या पत्रात मागणी करू नये, हा माझा ठरलेला नियम. एका जुन्या पत्राने तो मोडला.

आफ्रिकेचा शोध घेणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३मध्ये तिथेच वारले. सोबतच्या माणसांनी प्रेत वाळवून समुद्राकडे न्यायला घेतले. त्यांत जेकब वेनराइट होता. गुलामगिरीतून सुटलेला हा आफ्रिकी तरुण आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत शिकलेला. लिव्हिंग्स्टनांच्या मदतीला इंग्रजांची तुकडी येते आहे, असे कळताच ऑक्टोबरमध्ये त्याने पत्र लिहिले. तुकडीत त्यांचा मुलगा असेल, या समजुतीने त्यालाच. पडले मात्र ते प्रमुख कॅमेरॉनच्या हाती. पत्रात वडिलांच्या मृत्यूची खबर होती आणि लगोलग विनंती: माणसे उपाशी आहेत, धान्य घ्यायला कापड द्या. तिकडे कापड पैशासारखे चाले.

मुलाला बाप गेल्याचे कळवताना पोटाचे बोलावे? मला आधी खटकलेच. पण ते प्रेत उपाशी खांद्यांवर होते. कॅमेरॉनने ते तिथेच पुरण्याचे सुचवले, तेही या माणसांनी मानले नाही. फेब्रुवारी १८७४मध्ये ते किनाऱ्यावर पोचले.

अमानत सांभाळणाऱ्याने आपली भूक लपवावी, ही अपेक्षा पोट भरलेल्यांची. माझा नियमही तसलाच होता. आता मुलांच्या वहीत अशी ओळ आली, तर मी लाल शाईने खोडत नाही.