वजनकाटा काय शोभेला ठेवलाय?

ती बाटली आण इकडे. चमचा घाल आत. करकर ऐकू आली ना? साखर बसली आहे तळाशी. आणि वर तोंड करून सांगतेस, "बाई, कृती तंतोतंत पाळली." वही दाखव. "4 कप कुस्करलेली स्ट्रॉबेरी, 4 कप साखर." वहीत काही चूक नाही. तू अख्खी फळं कपात भरलीस, चार कप झाले म्हणालीस आणि मग कुस्करायला बसलीस!

अगं, अख्ख्या फळांच्या मधे काय होतं? हवा. तिचा जॅम होतो का? अमेरिकन कृतीतला कप सुमारे 237 मिलिलिटरचा. त्यात अख्खी स्ट्रॉबेरी साधारण 144 ग्रॅम बसते, चकत्या 166 आणि गर 232. फळ तेच, कप तोच. साखर मात्र दरवेळी 200 ग्रॅमच्या आसपास. कर आता गुणाकार. फळ हवं होतं 928 ग्रॅम, तू घातलंस 576. साखर 800 ती 800च. साडेतीनशे ग्रॅम फळ कमी पडलं, आणि तू विचारतेस गोडमिट्ट का झालं?

मागे हसताय त्यांनी जरा पुढे या. फ्रिजवर "1 कप म्हणजे 250 ग्रॅम" असा कागद कोणी चिकटवलाय? कशाचे 250? पाण्याचा कप तेवढा भरेल, तोही कप 250 मिलिलिटरचा असला तर. मैदा त्याच्या निम्मा भरतो आणि मध 340च्याही वर जातो. एकच आकडा सगळ्यांना लावायचा, तर मग शिकायला कशाला येता? फाडा तो कागद.

"आजी वाटीनेच साखरांबा करायची," हे तर मला सांगूच नका. करायची ना! वाटी वर्षानुवर्षं एकच, कैरीचा कीस दाबून भरणारा हातही एकच. शिवाय ती पाकाची तार बघत चुलीपाशी उभी असायची, त्यामुळे माप चुकलं तरी वेळेवर कळायचं. तू गॅसवर पातेलं ठेवून मोबाईल बघत होतीस.

महाबळेश्वरहून महागाची फळं आणायची, बाटलीवर स्वतःचं नाव छापायचं, आणि माप चहाच्या कपाने! विकायचं असेल तर नियम वाच. जॅममध्ये विद्राव्य घनपदार्थ किमान 65 टक्के हवेत. फळ वजनाने किमान 45 टक्के हवं. स्ट्रॉबेरीला सवलत आहे, तिथे किमान 25 टक्के चालतं. कपाचा उल्लेख कुठेही सापडणार नाही. लेबलवर निव्वळ वजनही ग्रॅममध्येच लिहावं लागतं.

उद्या नव्याने करायचं. फळं धुवून, निथळून, देठ काढून मगच तोलायची. देठासकट तोलून माझ्यासमोर यायचं नाही. रिकामं पातेलं काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण, मग फळ घाल. आकडा तिथल्या तिथे वहीत टिपायचा, नंतर आठवून नाही. साखरही त्याच काट्यावर.

आणि या बाटल्या कोणाला विकायच्या नाहीत. घरी न्या, दुधात घालून संपवा.