फाइलीत गाणं असतं का?

घरात पडून असलेली कीर्तनाची कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला आता स्टुडिओ लागत नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागी वायर खुपसून तिचं दुसरं टोक संगणकाला जोडायचं, ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि लाल बटण दाबायचं. पडद्यावर निळी, काटेरी रेघ सरकू लागते. बुवांनी आवाज चढवला की ती फुगते, श्वास घेतला की बारीक होते. कॅसेट संपली की घरातली माणसं म्हणतात, ‘कीर्तन संगणकात आलं.’ नेमकं काय आलं, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या आधी दर्शनकारांनी विचारून ठेवला आहे.

आली ती आकड्यांची माळ. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीचं माप धरलं तर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवली जाते. डाव्या-उजव्या कानांसाठी दोन माळा ठेवल्या तर मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. या आकड्यांना स्वतःचा नाद नाही. त्यांच्या हुकमाने स्पीकरचा पडदा हलला, हवा थरथरली, तरच कीर्तन ऐकू येतं. मग स्पीकर बंद असताना ते कुठे असतं?

मीमांसक आणि नैयायिक यांचं या मुद्द्यावर शेकडो वर्षं भांडण चाललं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या पहिल्याच अध्यायात शब्द नित्य असल्याचा पक्ष मांडला आहे. उच्चाराने शब्द जन्माला येत नाही, तो फक्त प्रकट होतो. अंधारात असलेला घडा दिव्याने दिसावा तसा. या सूत्रांवरचं शबरस्वामींचं भाष्य तर भौतिकशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवावं असं आहे. आघाताने सुटलेली हवा पुढच्या स्थिर हवेला ढकलते, चहूकडे संयोग-विभागांची मालिका उठते आणि वेग असेपर्यंत ती पसरत जाते. पण ही सगळी खटपट प्रकट करणाऱ्या ध्वनीची. प्रकट होणारा वर्ण आधीपासून आहेच. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याला ठाम विरोध आहे. ज्याला आरंभ आहे आणि जो इंद्रियाला जाणवतो, तो शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. एक शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा कानात जन्मतो तेव्हा ऐकू येतो.

दोन्ही पक्षांची गरज धार्मिक होती. वेद कुणी रचलेला नाही असं मानायचं तर शब्द नित्य असावा लागतो. वेदाचं प्रामाण्य बोलणाऱ्या विश्वसनीय वक्त्यावर उभं करायचं तर तसं मानण्याची गरज उरत नाही. शिवाय मीमांसकांचा आग्रह वर्णांपुरता होता, नगाऱ्याच्या नादासाठी नव्हता. तरीही त्यांनी आखलेली रेघ, म्हणजे प्रकट होणारं एकीकडे आणि प्रकट करणारं दुसरीकडे, आजच्या फाइलीवर ठेवून पाहण्याजोगी आहे.

त्यासाठी पॅरिसचं एक उदाहरण घेता येतं. एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिंविल या छपाईच्या धंद्यातल्या माणसाने १८५७मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या थरथरीची रेघ ओढणारं हे यंत्र होतं. ती रेघ डोळ्यांनी वाचायची, एवढाच त्याचा हेतू. तिच्यातून पुन्हा आवाज काढायची सोय यंत्रात नव्हतीच. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून वीस वर्षं होती. ९ एप्रिल १८६० रोजी स्कॉटने ‘ओ क्लेर द ला ल्यून’ या फ्रेंच लोकगीताचा एक तुकडा असा कागदावर उतरवला. २००८मध्ये अमेरिकेतल्या ‘फर्स्ट साउंड्स’ या अभ्यासगटाने बर्कलीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने त्या कागदाच्या स्कॅनवरून संगणकाकरवी आवाज काढला. कधीच ऐकू न आलेली नोंद १४८ वर्षांनी ऐकू आली.

मीमांसकाला याहून सोयीचा दाखला कोणता मिळणार? व्यंजक, म्हणजे प्रकट करणारा, नव्हता तोवर शब्द गप्प होता, व्यंजक आला आणि तो प्रकट झाला. नैयायिकही गप्प बसणार नाही. १८६०चा आवाज त्याच दिवशी संपला, मागे राहिली काजळीवरची खूण, आणि २००८मध्ये त्या खुणेतून नवा आवाज जन्मला, असं तो म्हणेल. पुढच्याच वर्षी या कथेला कलाटणी मिळाली. आधी ऐकू आलेला आवाज एखाद्या मुलीचा वाटला होता. स्कॉटने गाण्याच्या रेघेशेजारी वेग समजावा म्हणून ट्यूनिंग फोर्कची रेघही ओढून ठेवली होती, आणि तिची कंपनसंख्या संशोधकांनी दुप्पट धरली होती. वेग निम्मा केला तेव्हा सावकाश गाणारा पुरुष ऐकू आला, बहुधा स्वतः स्कॉट. शब्द दोन्ही वेळी तेच. मुलीचा ‘ल’ आणि पुरुषाचा ‘ल’ एकच, उंच-सखलपणा केवळ ध्वनीचा, असं मीमांसक म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं. पण ऐकणाऱ्याला माणूसच बदललेला वाटला, आणि तो खरा कोण हे गाण्याच्या रेघेतून कळलं नाही, शेजारच्या रेघेने सांगितलं.

हा पेच जुन्या तबकड्या उतरवणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण मिनिटाला किती फेरे हे तेव्हा पक्कं ठरलेलं नव्हतं. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, आणि गायिकेचं वयही बदलल्यासारखं वाटतं. संगणकात वेग बदलायला एक क्लिक पुरते. खरा षड्ज कोणता, हे ती क्लिक सांगत नाही.

खरखर काढताना याहून बारीक प्रश्न उभा राहतो. ऑडॅसिटीत आधी नुसती खरखर असलेला तुकडा दाखवावा लागतो. त्यावरून सॉफ्टवेअर खरखरीचं रूप ठरवतं आणि सगळ्या मुद्रणातून ते वजा करतं. आता मैफलीच्या कॅसेटमध्ये गवय्याच्या आधी तानपुरा सुरू झालेला असतो. निवडलेल्या तुकड्यात तो राहिला तर संगणक त्यालाही खरखरच समजतो, कारण दोन्ही अखंड आणि एकसुरी. शेवटी गाणं स्वच्छ होतं आणि आधारस्वर खंगतो. याच सॉफ्टवेअरमध्ये ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. त्यात फक्त काढून टाकलेलं ऐकू येतं. जाणकार आधी ते ऐकतात आणि त्यात तारेचा झणत्कार सापडला की हात आखडता घेतात. खरखरीच्या आत प्रकट होणारं काय आणि प्रकट करणारं काय, याचा निवाडा इथे माणसालाच करावा लागतो.

एमपीथ्रीने हा निवाडा यंत्रावर सोपवला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त शब्दाची व्याख्या कानाने कळणारा गुण अशी आहे. एमपीथ्रीचं गणितही याच पायावर उभं आहे: मोठ्या आवाजाखाली झाकलेला लहान आवाज कानाला कळत नाही, म्हणून तो साठवायचा नाही. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्गने हे गणित बेतताना सुझन वेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेलं गाणं वारंवार कसाला लावलं, कारण एकट्या गळ्यातला बिघाड चटकन कळतो. पुढे रायन मॅग्वायर या संगीतकाराने त्याच गाण्यातून एमपीथ्रीने टाकून दिलेला अंश वेगळा काढून त्याची रचना केली. ती ऐकू येते. म्हणजे टाकलेलं सारं कानापलीकडचं नव्हतं, दुसऱ्याच्या सोबतीत ते ऐकू येत नव्हतं एवढंच. अन्नंभट्टाच्या व्याख्येला कान कुणाचा आणि कोणत्या वेळचा, असा उपप्रश्न जोडावा लागतो.

व्हिडिओकडे वळलं की मीमांसक-नैयायिक मागे पडतात आणि बौद्ध पुढे येतात. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीच्या मते जे आहे ते क्षणिक आहे. सलगपणा आपण जोडतो. सेकंदाला २५ चित्रं दाखवून हलतं जग उभं करणारा पडदा त्याच्या बाजूने साक्ष देतो. गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं तेव्हा दोन चित्रांमधलं खरोखर हरवलेलं असतं. ध्वनीचं मात्र तसं नाही. ठरावीक मर्यादेखालच्या कंपनांपुरतं बोलायचं तर सुट्या मोजमापांमधून मूळची सलग लहर पुरती परत मिळते, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. तेव्हा क्षणांच्या बेरजेतून अखंडता मिळते की नाही, याचं उत्तर डोळ्यासाठी एक आणि कानासाठी दुसरं येतं.

२००३मध्ये ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीत तर बहुतेक चित्रं पूर्ण साठवलीच जात नाहीत. मागच्यापुढच्या चित्रांहून काय बदललं, एवढंच लिहिलं जातं. लग्नाचा व्हिडिओ घाईने भलत्या जागी कापला की सुरुवातीला रंगांचा चिखल दिसतो, त्याचं कारण हेच: आधारच कापला गेलेला असतो. प्रत्येक क्षण आधीच्या क्षणाच्या आधाराने उभा राहतो, ही बौद्धांची संतानाची कल्पना इथे फाइलीच्या रचनेतच उतरली आहे. फक्त मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवावंच लागतं. ते कोणत्याही चित्राच्या उधारीवर नसतं; त्याचं कारण प्रवाहाबाहेर, कॅमेऱ्यासमोरच्या जगात असतं. बौद्ध तार्किकाला या चित्रापाशी जरा जास्त वेळ थांबावं लागेल.

फाइलीच्या प्रतींनी मीमांसकांचा आवडता युक्तिवाद पुन्हा वर काढला आहे. ‘हा तोच ग’ ही ओळख पटते, म्हणून ग एकच, असं ते म्हणत. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने ‘भाषापरिच्छेदा’च्या शेवटाकडे उत्तर दिलं: ‘हे तेच औषध’ असंही आपण म्हणतो, पण पुडी दुसरी असते, एकच असते ती जात. कॅसेटच्या काळात हे उत्तर सहज पटे, कारण दर प्रतीला खरखर वाढायची. आज दोन फाइली शेवटच्या बिटपर्यंत जुळतात आणि पडताळणीचे आकडे तसं दाखवूनही देतात. तरी एक पेन ड्राइव्हवर असते, दुसरी फोनवर, आणि एक पुसली म्हणून दुसरी पुसली जात नाही. विश्वनाथाची पुडी अजून वेगळीच आहे.

ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे इयासाची, शिफारस या वादांना वळसा घालून जाते. मूळ मुद्रण किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटने उतरवावं, त्यात स्वतःच्या आवडीने सुधारणा करू नये, आणि साफसफाई करायची तर वेगळ्या प्रतीवर करावी. घरी काम करणाऱ्याला हे सहज जमण्यासारखं आहे: एक कच्ची फाइल, तिची दुसऱ्या डिस्कवर जोडप्रत आणि तिसरी साफ केलेली. पहिल्या दोन्हींवर मीमांसक आणि नैयायिक यांचं एकमत होईल. एकाला व्यंजक शाबूत राहायला हवा असेल, दुसऱ्याला पुढच्या शब्दाचं कारण. तिसऱ्या फाइलीवर ते फुटतील. मीमांसक तिला फक्त काच पुसलेला दिवा म्हणेल. नैयायिक तिला नवं कार्य मानेल आणि तिच्या नावात साफ करणाऱ्याचं नाव व तारीख लिहायला लावेल. त्याचं ऐकलं तर निदान खरखर कुणी काढली आणि तिच्याबरोबर तानपुरा किती गेला, हे पुढच्या कुणाला तपासून पाहता येईल.