सोडलेला मासा

भाच्याने मासा हलकेच पाण्यात सोडला, हात झटकले आणि माझ्याकडे पाहून तो हसला. देवदर्शन करून गाभाऱ्याबाहेर येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, तेच मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. आणि खरे सांगायचे तर ते मला खुपले. का खुपले, ते त्या क्षणी सांगता आले नसते. पण त्या दिवशी पुढे जे घडले त्यानंतर हा प्रश्न माझी पाठ सोडीना.

२०२३ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. शाळेला सुटी लागल्यावर मी इंग्लंडात ताईकडे गेलो होतो. ताई बरीच वर्षे हॅम्पशायर परगण्यात राहते. तिचा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला. त्याला मासे धरण्याचा भारी नाद. "मामा, तू कोकणातला. चल, तुला आमच्याकडची मासेमारी दाखवतो," असे म्हणून एका रविवारी त्याने मला पहाटेच उठवले. माझ्या नावाचा एका दिवसाचा सरकारी परवानाही त्याने काढून ठेवला होता. तिथे गळाची काठी नुसती हातात धरायची तरी परवाना लागतो.

तळे लहानसेच. रमतगमत चालले तरी पाव तासात प्रदक्षिणा पुरी व्हावी. काठाने कापलेली हिरवळ, मधूनमधून वाळुंजाची झाडे, आणि पाणी असे की तळातला खडा दिसावा. तो सगळा मुलूख खडूच्या टेकड्यांचा. त्यांतून झिरपून आलेले पाणी गाळूनच आलेले असते. त्या पाण्यातून ट्राउट मासे संथपणे फिरत होते. एकेक चार-पाच किलोचा! एवढ्याशा तळ्यात एवढाले मासे पाहून मी चकितच झालो.

चकित होण्याचे कारण नव्हते, हे मला पुढे कळले. त्या तळ्यात जन्मलेला मासा एकही नव्हता. हा इंद्रधनुषी ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ब्रिटनमध्ये आणला गेला. परंतु तिथल्या पाण्यात तो सहसा अंडी घालून वंश वाढवीत नाही. म्हणून त्याला उबवणी केंद्रात जन्माला घालतात, गोळ्यांचे खाद्य घालून हौदांत वाढवतात, आणि चांगला गलेलठ्ठ झाला की टाकीच्या गाडीतून आणून तळ्यात सोडतात. पुष्कळदा अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा झटका देऊन मासा मुळातच वांझ केलेला असतो. अंडी धरण्यात शक्ती खर्च होत नाही, मग सारी वाढ अंगावर चढते. त्याच परगण्यातल्या ॲव्हिंग्टनच्या तळ्यांवर सॅम हॉलंड नावाच्या गृहस्थाने १९७०च्या दशकात निवडक माशांची पैदास करून प्रचंड ट्राउट तयार केले, आणि लहान तळ्यातला मोठा मासा ही एक हौसच होऊन बसली.

तळ्याच्या तोंडाशी एक लाकडी खोपटे होते. तिथे दोन प्रकारची तिकिटे मिळत. एक तिकीट दोन मासे घरी नेण्याचे. जो गळाला लागेल तो मारायचाच, परत सोडायचा नाही, आणि दोन झाले की काठी गुंडाळायची. दुसरे तिकीट नुसते धरून सोडण्याचे. त्याला मोजदाद नाही. गळाला उलटे काटे मात्र नसावेत. भाच्याने आम्हा दोघांसाठी दुसरे तिकीट घेतले. "मी मारत नाही मामा, मी सोडतो," तो म्हणाला. त्या 'मी'वर थोडासा जोर होता.

हा खेळ पाहायला फार देखणा, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, त्याच्या जडपणाने दोरी पाण्यात पडते. इथे गळावर पिसे, लोकर, रेशमी धागा गुंडाळून एक खोटी माशी बनवलेली असते. तिला वजन म्हणून नाही. म्हणून दोरीच जाड आणि जड करतात, आणि माशी न फेकता दोरीच फेकतात. डोक्यावरून मागे, मग पुढे, आणि हवेत तिची लांबलचक वेलांटी उलगडत जाऊन टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकते. भाच्याच्या डबीत अशा शेकडो माश्या होत्या. एकीवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असलेले पीस होते. ते मी तत्काळ ओळखले. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेचे पीस! एके काळी ही पिसे हिंदुस्थानातून इंग्लंडात ढिगांनी जात. पुढे आपल्याकडून ती निर्यात बंद झाली आणि तिकडचे लोक तो पक्षी तिथेच पाळू लागले. परमुलखात एखादा गाववाला भेटावा तसे मला वाटले. फक्त तो फसवणुकीच्या धंद्यात होता.

आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एक म्हातारा गोरा उभा होता. त्याचे तिकीट पहिल्या प्रकारचे. त्याने तासाभरात एक मासा ओढून काढला, खिशातून वीतभर लांबीचा एक लाकडी सोटा काढला आणि माशाच्या डोक्यावर दोन टोले घातले. मासा क्षणात निपचित. त्या सोट्याला ते लोक 'प्रीस्ट' म्हणतात, म्हणजे पाद्री. मरणाऱ्याच्या उशाशी येऊन तो अखेरचा विधी उरकतो म्हणून. दहाच्या सुमारास म्हाताऱ्याला दुसरा मासा लागला. त्यालाही पाद्री भेटला. मग म्हाताऱ्याने काठी गुंडाळली, टोपीला हात लावून आम्हाला नमस्कार केला आणि तो घरी गेला.

भाच्याने तोवर चार धरून सोडले होते. संध्याकाळपर्यंत अजून कितीतरी व्हायचे होते.

म्हाताऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला प्रथम काहीतरी उमगल्यासारखे झाले. मारण्याला कुठेतरी थांबावे लागते. पिशवी भरते, घरची माणसे मोजकी असतात, तिकिटावर आकडा असतो. सोडण्याला मात्र अंत नाही. मन स्वच्छ राहते, म्हणून हातही थांबत नाही.

भाच्याच्या बाजूने जे बोलता येईल ते मी बोललेच पाहिजे. धरलेला मासा सोडावा हा विचार वेडगळ नव्हे. अमेरिकेतले ली वुल्फ यांनी १९३९ सालीच असे मांडले होते की उमदा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही. रानातल्या नदीत हे अगदी पटते. तिथे सोडलेली मादी पुढे अंडी घालील, नदी भरलेली राहील. परंतु या तळ्यात ती मादी कोणती अंडी घालणार? तिचे बाळंतपण माणसाने आधीच काढून घेतले आहे. एक मासा गेला तर पुढच्या आठवड्यात गाडीतून दुसरा येणार. तेव्हा सोडल्याने वाचले ते काय, तर तो एकटा मासा. आणि तोही उद्याच्या तिकीटवाल्यासाठी.

माशाला दुखते का, हा पुढचा प्रश्न. मी शास्त्राचा माणूस नव्हे. पण घरी येऊन पुस्तके चाळली. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये याच इंद्रधनुषी ट्राउटवर केलेले प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा शिर्क्यातले आम्ल टोचले, तेव्हा ते तळाशी डुलत राहिले, आम्लवाले मासे खड्यांवर ओठ घासू लागले, आणि खाण्याकडे वळायला त्यांना बराच उशीर लागला. उलट अमेरिकेतले जेम्स रोझ यांचे म्हणणे असे की, ज्या मेंदूच्या थराने माणसाला वेदनेची जाणीव होते तो थर माशाला नाहीच. दिसते ती नुसती प्रतिक्रिया. विद्वानांचा वाद चालू आहे. कायदेमंडळे मात्र थांबली नाहीत. सबळ कारणावाचून प्राण्याला यातना देऊ नयेत असा जर्मनीचा १९७२चा कायदा आहे, आणि खाण्यासाठी मासा धरणे हे कारण तिथे धरले जाते. नुसते धरून सोडणे हे कारण मानायला ते नाखूष असतात. स्वित्झर्लंडने तर २००९पासून सोडण्याच्याच हेतूने मासा धरायला मनाई केली. म्हणजे भाच्याचे पुण्य त्या देशात गुन्हा, आणि म्हाताऱ्याचा सोटा कायदेशीर!

पण माझ्या मनात सलत होते ते दुखण्याहून निराळेच. भाचा सहज बोलून गेला होता, "नवीन सोडलेले मासे फार भोळे असतात मामा. गोळीच्या आकाराची माशी टाकली तरी धावतात." लहानपणापासून माणसाची सावली पाण्यावर पडली की अन्न पडते, एवढेच त्या माशाला ठाऊक. म्हणजे आधी आपण त्याला आपल्यावर विश्वास ठेवायला शिकवायचे आणि मग त्याच विश्वासाला गळ लावायचा. मनूच्या ओंजळीत आलेला मासा 'मला वाढव' म्हणाला, मनूने त्याला घड्यातून तळ्यात, तळ्यातून गंगेत नेले. ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. मनूने हातात काठी घेतली असती तर ती गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक डोह आहे. तिथले मोठाले महसीर मासे देवीचे मानतात. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर उसळतात, आणि त्यांना कोणी धरीत नाही. मी तिथे उभा राहिलो आहे. खायला घालून वाढवलेला मासा तिथेही आणि हॅम्पशायरातही. पण वाळणकोंडात टाकलेला कुरमुरा हा कुरमुराच असतो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही पिढ्यान्पिढ्या मासे खाणारे, तुम्हाला हा सोवळेपणा कशाला? खरे आहे. पहिल्या पावसात आमच्या ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. पोटात अंडी घेऊन ते प्रवाहाविरुद्ध वर निघालेले असतात, आणि नेमके तेव्हाच आम्ही बत्त्या घेऊन धावतो. त्यात मीही असे. आणि करमणुकीसाठी मासे धरणे ही केवळ साहेबाची खोड आहे असेही नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य टाकावे, त्याचाही तपशील आहे. विनोद! मराठी मुलखावरही ज्याचे राज्य होते त्या राजाला हा शब्द वापरताना काही वावगे वाटले नाही.

तरी मला वाटते, खेळ म्हटला की दोन पक्षांनी खेळायचे कबूल केलेले असावे. इंग्रजांनी या बाबतीत स्वतःवर नियम लादून घेतले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माशीवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे त्यांच्या कडव्या अनुयायांना पाण्याखाली बुडालेली माशी वापरणे म्हणजे जवळजवळ पाप वाटू लागले. त्यावर अनेक वर्षे वाद झाले. स्वतःची वाट अवघड करून घेतली की समोरच्याला न्याय मिळाला असे माणसाला वाटते. परीक्षेत फसवा प्रश्न घालून, त्याच्या बदल्यात वेळ दहा मिनिटांनी वाढवून देणाऱ्या आम्हा मास्तरांना हे चटकन कळावे.

दुपारी भाच्याने काठी माझ्या हाती दिली. मी नको म्हणालो नाही, हे इथे लिहिलेच पाहिजे. दोरी दोनदा वाळुंजाच्या फांदीत अडकली, एकदा माझ्याच टोपीत. मग कशी कोण जाणे ती पाण्यावर नीट पडली, आणि त्याच क्षणी काठी वाकली.

तो अनुभव काय सांगू! दोरीतून एक जिवंत धडपड मनगटात, कोपरात, पार छातीपर्यंत येते. सकाळपासून मनात जुळवलेले सारे विचार कुठल्या कुठे गेले. हा निसटू नये, एवढेच मला हवे होते. भाचा ओरडत होता, "मामा, ढील दे! आता ओढ!" मला ढील केव्हा द्यावी आणि ओढावे केव्हा हे कळत नव्हते. पंचवीस मिनिटे झाली. जाणत्या हाताने पाचांत आणला असता. शेवटी मासा आडवा होऊन जाळीत आला. अडीच किलोचा, अंगावर गुलाबी पट्टा.

भाच्याने हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. गळ अलगद काढला, माशाला पाण्यात सरळ धरून ठेवले. त्याने हात सोडला की मासा कलंडे. पुन्हा धरी, पुन्हा कलंडे. भाचा गुडघाभर पाण्यात वाकून, आजारी मुलाला उभे करावे तसे त्या माशाला उभे करीत राहिला. कल्ले उघडत होते, मग हळूहळू उघडेनासे झाले. अर्ध्या तासाने तो पोट वर करून तरंगू लागला.

म्हाताऱ्याने दोन टोल्यांत जे केले, ते आम्ही दोघांनी मिळून तासभर केले होते.

खोपट्यातल्या माणसाने काही विचारले नाही. "होते असे कधी कधी," म्हणाला, आणि वजन करून पैसे घेतले. गाडीत भाचा एक शब्द बोलला नाही. मीही काही बोललो नाही. मला त्याच्या सकाळच्या हसण्याचा राग आला होता, आणि आता ते हसू त्याच्या चेहऱ्यावर नव्हते याचे वाईट वाटत होते.

ताईने मासा पाहिला आणि तिला माहेरची आठवण झाली. तिने तुकड्या करून हळद, तिखट, मीठ चोळले, चिंचेचा कोळ लावला, रव्यात घोळवून तव्यावर टाकल्या. आतले मांस गुलाबी होते. तो रंगही त्या खाद्याच्या गोळ्यांतूनच येतो म्हणे. भाचा वरणभात जेवून उठला. मी दोन तुकड्या खाल्ल्या. मासा चवदार होता. तिसरी तुकडी ताईने न विचारताच वाढली.