दाराची कडी

उमरगा

चि. ताई,

पत्र पोचलं. धुंदलवाडीकडच्या तुझ्या शाळेतली ती चौथीतली मुलगी, जमिनीतून सुरुंगासारखा आवाज आला की दप्तर टाकून पळते, आणि तू तिला म्हणतेस, "घाबरू नको, काही होत नाही." हे वाक्य तेवढं सोड. काही होतं, हे तिला तुझ्या आधीपासून माहीत आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीची जमीन राहून राहून हलतेय. 1 फेब्रुवारी 2019 ला हळदपाड्यात दोन वर्षांची पोर गेली, ती भिंत पडून नव्हे, घाबरून बाहेर पळताना पडली म्हणून. तेव्हा मुलांना भिऊ नका म्हणण्यापेक्षा भ्यायल्यावर काय करायचं ते शिकव. बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हादरा थांबला की रांगेनं मैदानात. रोज परिपाठानंतर दोन मिनिटं. अंगवळणी पडू दे.

आमच्या भूकंपाचं वेगळं होतं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56, गणपती बोळवून गाव नुकतं झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळंच अंगावर. तुझी पणजी त्यातच गेली. आमच्या भूकंपाला निदान तारीख आहे. लोक वर्षश्राद्ध घालतात, रडतात, मोकळे होतात. तुमच्याकडे तंबू आले नि गेले, हादरे राहिले. 'झालं गेलं विसरा' म्हणायचीसुद्धा सोय नाही. (कारवीच्या कुडाचं घर मात्र मोडू देऊ नकोस कुणाला. हलकी भिंत जीव घेत नाही.)

पत्र्याच्या शेडमधून पुनर्वसनाच्या पक्क्या घरात गेलो, तरी सतरा वर्षं मी रात्री कडी लावली नाही. दाराला सुतळी बांधायची, ओढली की सुटेल अशी. तुझे काका चिडायचे, पण गाठ तेच मारून द्यायचे. मला कुणी वेडी म्हटलं नाही, एवढ्यावर मी तरले.

म्हणून पाड्यावर हे बघ: कोण महिनोन्‌महिने झोपत नाही, कुणाची दारू हादऱ्यांनंतर वाढली, कुठलं मोठं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतंय. भगताकडे जातात तर जाऊ दे, भांडू नकोस. त्यालाच सांग, माणूस आरोग्य केंद्रातही पाठव म्हणून. मनाचा त्रास सांगायला टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. पण आधी गावातल्या आशाताईला त्यांच्याशी वारलीत बोलू दे. प्रमाण मराठीत दुःख सांगायला पाड्यावरच्या बायका लाजतात.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची यादी कर. परत आल्यावर पहिला हादरा त्यांना नव्यानं लागतो.

आणि त्या मुलीकडे घंटा दे. हादरा थांबला की मैदानात जायची घंटा तिनंच द्यायची. पळणाऱ्याला थांबायला काहीतरी कारण लागतं. पुढच्या पत्रात कळव, वाजवली का.

तुझी,
आत्या